सेकिरो खेळताना कान उघडे ठेवा

सेकिरो अवघड आहे हे सांगायला आता कोणाची गरज नाही. २२ मार्च २०१९ ला गेम आला तेव्हापासून तेच ऐकतोय आपण, अवघड आहे, जीव काढतो, अर्ध्यात सोडला वगैरे. पण अवघड म्हणजे नेमकं काय अवघड यावर कोणी फारसं बोलत नाही, सगळे म्हणतात हात चपळ पाहिजेत, रिफ्लेक्स पाहिजेत, विशीतल्या पोरांचं काम आहे ते. मला हे अजिबात पटत नाही. माझं ठाम मत झालंय की सेकिरो हा लयीचा गेम आहे, आणि ज्यांनी तो वैतागून सोडला त्यातल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट वेळेवर कोणी सांगितलीच नाही, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डार्क सोल्स आणि ब्लडबोर्न करणारी जपानी कंपनी फ्रॉमसॉफ्टवेअर, तिचाच हा गेम, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. सुरुवातीला त्यांच्या डोक्यात तेन्चू या जुन्या निन्जा गेमचा पुढचा भाग करायचा होता, मग करता करता त्याचं वेगळंच काहीतरी झालं. काळ जपानमधल्या सेंगोकू म्हणजे यादवीच्या युगाचा शेवट, जागा आशिना नावाचं काल्पनिक डोंगरी राज्य, जे आता बुडायच्या बेतात आहे. आपण वुल्फ नावाचा शिनोबी, म्हणजे निन्जा. आपला छोटा मालक कुरो, ज्याच्या रक्तात अमरत्व आहे, त्याला आशिनाचा सरदार गेनिचिरो उचलून नेतो आणि जाता जाता आपला डावा हात तोडतो. मग एका पडक्या देवळात मूर्ती कोरत बसणारा एक म्हातारा आपल्याला लाकडी यंत्राचा हात बसवून देतो आणि तिथून खरा गेम चालू होतो. २०१९ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम हाच ठरला होता.

आता मुद्द्याचं. डार्क सोल्समध्ये अडकलं की वाटा भरपूर असतात, लेव्हल वाढवा, जाडजूड चिलखत घाला, लांबून मंत्र मारा, नाहीतर ऑनलाइन कोणालातरी मदतीला बोलवा. सेकिरोने या सगळ्या वाटा बंद केल्यात. एकच तलवार, शेवटपर्यंत तीच. चिलखत नाही, मदतीला कोणी नाही. आपली ताकद वाढते ती मुख्यतः मोठ्या बॉसना, म्हणजे टप्प्याटप्प्यावरच्या बलाढ्य शत्रूंना, हरवून आणि जपमाळेचे मणी गोळा करून, म्हणजे जो दरवाजा उघडत नाहीये तो उघडल्याशिवाय ताकदही वाढत नाही. मला यातला प्रामाणिकपणा फार आवडला. इतर गेममध्ये कित्येकदा बॉस हरतो तेव्हा नक्की मी चांगला झालो की माझा आकडा मोठा झाला हे कळतच नाही, इथे ती शंकाच उरत नाही.

शिवाय इथे समोरच्याचा जीव संपवणं हे मुख्य काम नाहीच. जिवाच्या पट्टीबरोबर आणखी एक पट्टी असते, पोश्चरची, म्हणजे त्याचा तोल. आपण वार केला की ती भरते, आणि त्याचा वार आपण नेमक्या क्षणी तलवारीवर झेलला तरी भरते, ज्याला गेममध्ये डिफ्लेक्ट म्हणतात. पट्टी पूर्ण भरली की तोल गेला, एकच घाव, संपला. पण आपण मागे सरलो, दम खायला लांब जाऊन उभे राहिलो, की त्याचा तोल पुन्हा सावरतो, आणि तो जितका धडधाकट तितका लवकर सावरतो. म्हणजे एक वार करून पळ, पुन्हा ये, पुन्हा एक वार, ही डार्क सोल्समध्ये अंगात भिनलेली सवय इथे काहीच कामाची नाही, अख्खा दिवस घालवला तरी बॉस तिथेच. समोर उभं राहायचं, अगदी त्याच्या श्वासाच्या अंतरावर, आणि तो मारतोय तेव्हाही आपणच लढतोय हे डोक्यात पक्कं करायचं.

हे मला कसं उमगलं ते सांगतो, कारण त्याचं श्रेय माझं नाही, आमच्या काकांचं आहे.

आम्ही माशेलचे. माशेल म्हटलं की देवकीकृष्णाचं देऊळ, आषाढातला चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, आणि नाटकं, हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. काका चवथीच्या आरत्यांना घुमट वाजवतात, वाड्यावर त्यांच्याइतकं घट्ट वाजवणारं दुसरं कोणी नाही असं मी अभिमानाने सांगेन. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं, उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने उघडं तोंड झाकत उघडत आवाज घडवायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता बंदी आहे म्हणून बकऱ्याचं घालतात. आपल्या गोवा सरकारने २०१९ मध्ये त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, सेकिरो आला तेच वर्ष, हा निव्वळ योगायोग पण मला तो आवडतो. तर पावसाळ्याचे दिवस, चिखलकालो होऊन गेलेला, काका पडवीत घुमट उबेला धरून बसलेले, कारण दमट हवेत कातडं सैल पडतं, आणि मी आत हॉलमध्ये गेनिचिरोपुढे मरत होतो. पुन्हा पुन्हा मरत होतो. स्पीकर चालू, पडवीत सगळं ऐकू जातंय. आणि मध्येच बाहेरून काकांचा आवाज, "शेवटचे दोन घाईत मारलेस."

मी चाटच पडलो. त्यांना स्क्रीन दिसतच नव्हती!

झालं असं की डिफ्लेक्ट बरोबर बसला तर एक लांब, खणखणीत आवाज होतो, धातूवर धातू, ठण्ण, आणि नुसता ब्लॉक झाला, म्हणजे क्षण न साधता तलवार आडवी धरून वार अडवला, तर बसका, बोदा, ठक. मी इतके दिवस ठिणग्या बघत होतो, गेनिचिरोचे खांदे बघत होतो, त्याच्या तलवारीचं टोक बघत होतो, आणि काका तिकडे पडवीत बसून नुसत्या आवाजावरून सांगत होते की कितवा ठोका निसटला. थोड्या वेळाने आत आले, पाचेक मिनिटं उभ्यानेच ऐकत राहिले, आणि विचारलं, "हा समोरचा दर वेळी तेवढेच वार करतो?"

"हो काका, तेवढेच. क्रम ठरलेला असतो."

"मग बघत काय बसलायस, म्हण."

म्हण म्हणजे बोल म्हण. हात चालवायच्या आधी तोंडाने म्हण. तबलजी खाप्रुमामा पर्वतकरांसारखा लयीतला माणूस ज्या गोव्याने दिला तिथे तालाचं शिक्षण असंच होतं, आधी जिभेवर मग बोटांवर, आणि मला लहानपणी काकांनी शामेळ, घुमटाच्या साथीचं तालवाद्य, शिकवलं तेही असंच. मी गेनिचिरोच्या त्या लांबलचक हल्ल्याला बोल बसवले, तक तक तकिट धिन, मध्ये एक श्वास, तक, आणि शेवटी धा. तो हल्ला दिसायला भयंकर आहे, गिरक्या घेत येतो, कपडे फडफडतात, कॅमेरा हलतो, डोळ्यांना सगळं एकत्रच घडतंय असं वाटतं. पण कानाला त्यात जागा आहेत. दोन वारांच्या मध्ये जी पोकळी आहे ती दर वेळी तेवढीच आहे. ती पोकळी एकदा तोंडात बसली की बोट आपोआप पडतं, आणि मग जे होतं ना, सलग ठण्ण ठण्ण ठण्ण आणि त्याची पट्टी भरत भरत जातेय आणि आपण एकही पाऊल मागे घेतलेलं नाही, ते सुख मला दुसऱ्या कुठल्याही गेमने दिलेलं नाही, खरं सांगतो.

आणि गेमने स्वतःच याची सोय करून ठेवलीये हे नंतर लक्षात आलं. घाबरून डिफ्लेक्टचं बटण दडादड दाबत सुटलं तर नेमक्या क्षणाची मुभा आणखी कमी कमी होत जाते. म्हणजे घाई करणाऱ्याला गेम मुद्दाम आवळतो. आरतीत कोणी अधीर होऊन लय पळवायला लागला की बाकीचे त्याला डोळ्यांनी दाबतात तसंच हे.

लाल अक्षराचे हल्ले हा आणखी एक नमुना. शत्रूच्या डोक्यावर लाल रंगात धोक्याचं जपानी अक्षर चमकतं, एक विशिष्ट आवाज होतो, आणि हा वार नुसता ब्लॉक करून चालत नाही. भोसकायला आला, खालून झाडू मारल्यासारखा फिरवला किंवा पकडायला आला, यातलं एक. खालून आला तर उडी, पकडायला आला तर बाजूला. पण भोसकायला आला तर मागे नाही जायचं, पुढे जायचं, भाल्याच्या दिशेने, आणि वुल्फ तो भाला पायाखाली चिरडतो. मिकिरी म्हणतात त्याला. पहिल्यांदा शिकलो तेव्हा अंगठा अक्षरशः ऐकत नव्हता, शरीर मागे मागे ओढत होतं, सगळी जन्मजात बुद्धी सांगते की टोक येतंय, हट. आणि गेम म्हणतो पुढे हो. ज्या क्षणी जमलं त्या क्षणी भालेवाले मला आवडायलाच लागले, भालेवाला दिसला की बरं वाटायचं.

सगळेच बॉस असे लयीत बसणारे नाहीत आणि तिथे गेम घसरतो असं माझं मत आहे. साखळ्यांनी बांधलेला राक्षस, तो ओगर, अगदी सुरुवातीला येतो, आणि तो तुम्हाला डिफ्लेक्टबद्दल काहीही शिकवत नाही, नुसता धरतो आणि आपटतो. मडगावचा माझा मावसभाऊ तिथेच थांबला. "सोड मरे, हांव खेळना" म्हणाला आणि विषय संपला. त्याचा मला राग नाही आला, उलट त्याची बाजू बरोबर वाटली. नवीन माणसाला पहिल्या मोठ्या परीक्षेतच अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न कशाला? कोपऱ्यात सापडल्यावर कॅमेरा भिंतीत घुसतो तेही वाईटच, तिथे मेलं तर ते मरण माझं नाही असं मी मानतो. ड्रॅगनरॉटचंही तसंच. आपण वारंवार मेलो की आसपासच्या लोकांना खोकल्याचा आजार जडतो, कल्पना किती जबरदस्त आहे, आपल्या पुन्हा जिवंत होण्याची किंमत दुसरा मोजतोय, पण प्रत्यक्षात एक औषध वापरलं की सगळे बरे, त्यामुळे ती टोचणी टिकत नाही.

पण माकड! गार्डियन एप. पांढरं प्रचंड वानर, पहिल्या भागात नुसता धुमाकूळ, हातपाय झाडतं, घाण फेकतं. कसंबसं हरवलं, वुल्फ त्याचं मुंडकं उडवतो, स्क्रीनवर मोठं अक्षर येतं, आपण कंट्रोलर मांडीवर ठेवतो आणि ते धड उठतं. एका हातात स्वतःचं डोकं, दुसऱ्या हातात मानेत रुतलेली ती भलीमोठी तलवार. आता त्याची चाल बदललेली, संथ, लडखडत, आणि वार आडलयीत. जिथे पडेल असं वाटतं तिथे पडत नाही, अर्धा ठोका उशिरा पडतो. काकांना हा भाग फार आवडला, खुर्ची ओढून बसले आणि मांडीवर ताल धरला. "हा खरा वाजवणारा," म्हणाले. तो वरून मारायचा मोठा घाव बरोबर झेलला की ते धाडकन खाली कोसळतं आणि आपल्याला मोकळं रान मिळतं. मी तो घाव ओळखायला शिकलो ते काकांच्या मांडीवरच्या थापेवरून, डोळ्यांनी नाही.

आता तो जुना वाद, सेकिरोमध्ये इझी मोड हवा की नको. गेम आला तेव्हा यावर बरंच भांडण झालं, दोन्हीकडून टोकाचं बोललं गेलं. माझं म्हणणं असं आहे की शत्रूचे वार हलके करून काही साधणार नाही, कारण मग कोणी डिफ्लेक्ट शिकणारच नाही, मार खात खात पुढे जाईल आणि गेम मुळात काय आहे ते त्याला कळणारच नाही. पण वेग कमी करायची सोय मात्र हवी होती, आणि नसल्याचं मला वाईट वाटतं. कुठलाही गुरू शिष्याला पहिल्या दिवशी द्रुत लयीत बसवत नाही. विलंबितात बसव, मग दुगुन, मग चौगुन. ठोक्यांचं नातं तेच राहतं, फक्त अंतर वाढतं. सेलेस्ट नावाच्या २०१८ च्या गेममध्ये खेळाचा वेग कमी करायची सोय आहेच, आणि त्याने त्या गेमची इज्जत कुठे कमी झाली? ज्यांची बोटं नीट चालत नाहीत, ज्यांचे हात थरथरतात, त्यांना या खेळातलं सगळ्यात सुंदर ते मिळायलाच हवं. सेकिरोने त्याऐवजी हानबेई दिलाय, पडक्या देवळाच्या अंगणात उभा असलेला एक माणूस, ज्याला मरण येत नाही आणि मरायची इच्छा आहे, तो तुमच्याशी हवा तितका वेळ सराव करतो. हानबेईची गोष्ट मनाला लागते, आणि सराव खरंच कामाचा आहे, पण तोही पूर्ण वेगानेच लढतो.

लढाया सोडून एक गोष्ट सांगायची राहील म्हणून सांगतो, दारू. आशिनात फिरताना साकेचे वेगवेगळे बुधले मिळतात आणि ते स्वतः पिता येत नाहीत, द्यायचे असतात. मूर्तिकाराला दिला तर तो एक गोष्ट सांगतो, एमा वैद्यीणबाईंना दिला तर त्या दुसरी, गेनिचिरोच्या म्हाताऱ्या आजोबांना, इश्शिनला, दिला तर तो तिसरी. इतका कमी बोलणारा गेम, आणि ज्याला माणसं समजून घ्यायचीत त्याने समोर बसून पाजायचं आणि ऐकायचं. आपल्याकडे कोणाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. आणि हे ऐकलं असेल तरच मूर्तिकाराचं पुढे जे होतं ते काळजाला भिडतं. द्वेषाचा राक्षस म्हणून जो बॉस येतो त्याची लढाई मला फारशी आवडली नाही, ती डार्क सोल्समधून उचलून आणल्यासारखी वाटते, नुसतं पळायचं आणि आग चुकवायची, पण तो कोण आहे हे माहीत असल्यामुळे शेवटचा घाव घालताना माझा हात जड झाला होता.

आणि इश्शिन. आजारी म्हातारा म्हणून ज्याच्याबरोबर बसलो, तोच शेवटी भर उमेदीतला होऊन गेनिचिरोच्या देहातून बाहेर येतो, पांढऱ्या गवताच्या माळावर. पण त्याच्याआधी गेनिचिरो पुन्हा एकदा लढतो, तोच जुना, तेच गिरक्यांचं आवर्तन. यावेळी माझ्या तोंडातून बोल आपसूक निघाले आणि तो मला जवळजवळ हात न लावता पडला. मग इश्शिन, आधी तलवार, मग तलवारीबरोबर भाला आणि पिस्तूल, मग वीज. विजेचा वार आला की उडी मारून हवेत तो अंगावर घ्यायचा आणि जमिनीवर पाय टेकायच्या आत परत फेकायचा. मधल्या भागात तो सारखा लय बदलतो, भाला लांबून येतो, लगेच गोळी, लगेच तलवार, आणि मला तीन वेगळे बोल पाठ करावे लागले. जिंकलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, लाईट आधीच एकदा येऊन गेली होती, इन्व्हर्टरवर खेळत होतो, आणि घरातल्या सगळ्यांना उठवलं.

आता दुसरी फेरी चालू आहे. यात सुरुवातीलाच कुरोला भेटल्यावर त्याचा ताईत परत देता येतो, मी दिला. त्याचा परिणाम असा की नुसता ब्लॉक केला, तो बसका ठक वाजला, की प्रत्येक वेळी थोडा जीव जातो. ठण्ण वाजलं तरच काही जात नाही. पहिल्या फेरीत कित्येक ठोके अर्धवट असूनही चालून गेले होते, ते आता एकेक करून सापडतायत, घोड्यावरचा बॉस ग्योबू, त्याच्या भाल्याच्या फिरकीतले दोन, लेडी बटरफ्लाय या दुसऱ्या बॉसचा एक. मावसभावाने पण पुन्हा डाउनलोड केलाय. त्याला मी सांगितलंय की ओगरच्या आधी हिराताच्या वाड्यात जा, तिथे लाकडी हाताला जोडायचं आगीचं यंत्र मिळतं, आणि लाल डोळ्यांचे सगळे, ओगरसकट, आगीला घाबरतात. मग परत ये, ओगरला जाळ, आणि चवथीला माशेलला आलास की कंट्रोलर घेऊन ये, काकांना तुझे ठोके ऐकायचेत.